बॅकएंड डेव्हलपरने यूआय (स्क्रीनच्या मांडणीचं) डिझाइन शिकायला सुरुवात कुठून करावी? कोर्स, फिग्मा की अजून काही?

पंचगंगा_डेव्ह

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, बरीच वर्षं जावा आणि पोस्टग्रेसवर काम करतोय, फ्रंटएंड येतं म्हणजे सीएसएस लिहिता येतं एवढंच. सध्या मी आणि एक मित्र गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतोय. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घेऊन येणार, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागणार, दरपत्रकातून दर निघणार, पावती हातात, आणि दहा दिवसांनी बिल. हिशोबाचा भाग एकदम पक्का आहे, काट्याचं आणि फॅट मशीनचं रीडिंग थेट येतं, त्याची काळजी नाही.

अडचण स्क्रीनची आहे. सगळी माहिती आहे पण बघितल्यावर नजर कुठं ठेवायची तेच कळत नाही. मी रंग बदलतो, बॉर्डर टाकतो, शॅडो टाकतो, कधीकधी बरं दिसतं पण का बरं दिसलं ते सांगता येत नाही. डेटाबेसची क्वेरी हळू चालली तर मी तिचा प्लॅन (ती कशी चालते त्याच्या पायऱ्या) काढून कारण दाखवू शकतो, इथं तसं काही धरायला मिळत नाही आणि तेच खुपतंय. डिझायनर ठेवायला सध्या पैसे नाहीत हे एक, पण खरं म्हणजे मला स्वतःला हे शिकायचंच आहे, निव्वळ काम निभावण्यापुरतं नको.

विचारायचं हे की चित्रकलेचा हात नसेल तर यात किती पुढं जाता येतं? आधी फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) शिकू का कोर्स करू? आणि आमची अख्खी स्क्रीन मराठीत आहे, ट्युटोरियल बघतो ती सगळी इंग्रजी अक्षरांवर, ते नियम जसेच्या तसे लागू होतात का? रोज एखादा तास देऊ शकतो.

---

रेषारंग

चित्रकलेचा प्रश्न आधी निकालात काढू. मी आधी डेव्हलपर आणि नंतर डिझायनर झाले, आमच्या टीममधले निम्मे लोक साधा घोडासुद्धा काढू शकणार नाहीत आणि उत्तम स्क्रीन करतात. इंटरफेसमध्ये नव्वद टक्के काम अक्षरं, अंतरं आणि क्रम यांचं असतं, आणि या तिन्हीला कारणं असतात, तुम्ही क्वेरी प्लॅनमध्ये शोधता तशीच. तुम्हाला ती अजून दिसत नाहीयेत एवढंच.

माझा सल्ला, पहिला महिना रंगाला हात लावायचा नाही. बॉर्डर, शॅडो, आयकॉन सगळं काढून टाका आणि तीच स्क्रीन फक्त काळ्या-करड्या अक्षरांत आणि रिकाम्या जागेत मांडा. जड वाटेल कारण डेव्हलपरची सवय अशी की दोन गोष्टी वेगळ्या दाखवायच्या म्हटलं की मध्ये रेघ ओढायची, पण रेघ न ओढता नुसत्या अंतराने वेगळेपण दाखवता आलं की अर्धं काम झालं समजा.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. तुमच्या फॉर्ममध्ये 'फॅट' हे लेबल असेल, खाली बॉक्स, मग 'एसएनएफ' लेबल, खाली बॉक्स. बहुतेक वेळा सगळीकडे सारखं मार्जिन असतं, समजा १२ पिक्सेल. म्हणजे 'एसएनएफ' हे लेबल वरच्या फॅटच्या बॉक्सपासून आणि खालच्या स्वतःच्या बॉक्सपासून सारख्याच अंतरावर आलं, आणि डोळ्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की हे लेबल नक्की कुणाचं. आता लेबल आणि त्याचा बॉक्स यात ४ ठेवा आणि दोन जोड्यांमध्ये २४. बाकी काहीही न बदलता स्क्रीन वाचायला लागते. जे जवळ ते एकत्र असं आपला डोळा धरून चालतो, जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेस्टाल्ट मानसशास्त्रवाल्यांनी, वर्टहायमर वगैरे मंडळींनी यावर बरंच काम केलं आणि आजही डिझाइनच्या कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

अंतरं मनाला येतील तशी द्यायची नाहीत, ४, ८, १६, २४, ३२, ४८ असे ठरावीक आकडे घ्या आणि त्याबाहेर जायचंच नाही. ठिपक्यांची रांगोळी असते तसं, ठिपके आधी ठरलेले, हात त्यातूनच फिरणार. अक्षरांचे आकारही तसेच, एका स्क्रीनवर तीन, फार तर चार. तुमच्या स्क्रीनवर सर्वांत मोठं काय असायला पाहिजे हे एकदा ठरवा, माझ्या मते लिटर, फॅट आणि रक्कम, संस्थेचं नाव आणि लोगो नाही, जे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात वर ठसठशीत असतं आणि तिथं रोज बसणाऱ्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

झालं की खुर्ची मागे घ्या, डोळे किलकिले करा आणि बघा. अक्षरं वाचता येत नाहीत तेव्हा जे ठळक उरतं तेच तुमच्या स्क्रीनचं म्हणणं. रक्कम उरली तर छान, 'रद्द करा' बटण उरलं तर परत बसा.

---

मुपो_बर्लिन

रेषारंग यांचं बाकी सगळं पटलं, रंग महिनाभर लांब ठेवण्याबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे, त्यावर शेवटी येतो.

मी पुण्यातून इकडे आलो तेव्हा फुल स्टॅक होतो, इथे टीम लहान असल्याने डिझाइनही अंगावर आलं. मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो कॉपी करण्याने. रोज हाताळतो असं एखादं चांगलं ॲप घ्या, फोनमधलं घड्याळ, कॉन्टॅक्ट लिस्ट, यूपीआयची पैसे पाठवायची स्क्रीन, काहीही. स्क्रीनशॉट काढा आणि बाजूला ठेवून तीच स्क्रीन एचटीएमएल-सीएसएसमध्ये हुबेहूब बनवा, नुसती नजरेने, काही न मोजता. पूर्ण झाली असं वाटलं की मूळ स्क्रीनशॉट वर ठेवा, ओपॅसिटी ५० टक्के. मग दिसतं कुठे काय सरकलंय. तुम्ही दोन ओळींत ८ दिलेलं असतं आणि मुळात १६ असतं, तुम्ही नाव आणि नंबर दोन्ही काळे केलेले असतात आणि मुळात नंबर करडा आणि एक माप लहान असतो, तुम्ही आयकॉन चौकटीच्या बरोबर मध्ये ठेवलेलं असतं आणि मुळात ते एक पिक्सेल उजवीकडे असतं, कारण प्लेचा त्रिकोण गणिताने मध्ये ठेवला तर डोळ्याला डावीकडे झुकलेला दिसतो. असे फरक सापडले की प्रत्येकाजवळ थांबून विचारायचं की त्यांनी असं का केलं असेल, आणि एक ओळ लिहून ठेवायची. पंधरा दिवसांत तुम्ही दुसऱ्यांच्या स्क्रीनकडे वेगळ्या नजरेने बघायला लागाल.

फिग्माचं म्हणाल तर त्याला घाबरू नका आणि त्याच्या मागेही लागू नका. त्यातलं ऑटो लेआउट म्हणजे सीएसएसमधलं फ्लेक्सबॉक्सच आहे, गॅप, पॅडिंग, अलाइन, सगळं ओळखीचं, दोन संध्याकाळी पुरतात. उपयोग एवढाच की एका स्क्रीनचे पाच प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. कोडमध्ये आपण पहिला प्रकार चालला की तिथेच थांबतो, डिझाइनमध्ये पहिला प्रकार क्वचितच सर्वांत चांगला असतो.

आता रंग. नंतर शिका, हरकत नाही, पण करडा हासुद्धा रंगच आहे आणि कॉन्ट्रास्ट पहिल्या दिवसापासून मोजावा लागतो. डब्ल्यूसीएजीचा (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांचा) नियम साधा आहे, नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १. पांढऱ्यावर #९९९ हा करडा बऱ्याच ठिकाणी प्लेसहोल्डरला असतो, तो ३ लाही पोचत नाही. #७६७६७६ कसाबसा ४.५ पार करतो, त्याच्यापेक्षा फिका करायचा नाही. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हा आकडा तिथेच दिसतो, आणि रेंडरिंग टॅबमध्ये रंगांधळेपणा असलेल्या माणसाला स्क्रीन कशी दिसेल तेही बघता येतं. तुमच्याकडे गाय-म्हैस वेगळी दाखवायला नुसता लाल-हिरवा वापरला असेल तर ते आधी बघा, लाल-हिरव्याचा घोळ हाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे. रंग असू द्या पण शब्दही असू द्या.

अजून एक, एचएसएलमध्ये (छटा, तीव्रता आणि लाइटनेस म्हणजे उजळपणा अशा तीन आकड्यांनी) रंग निवडत असाल तर सांभाळून. त्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांची लाइटनेस ५० टक्केच असते, पण पांढऱ्यावर पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट १.०७ येतो आणि निळ्याचा ८.५९. म्हणजे त्या ५० टक्क्याला डोळ्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. आता सीएसएसमध्ये ओकेएलसीएच ही रंग लिहायची दुसरी पद्धत आहे, २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये चालतं, त्यात लाइटनेस बऱ्यापैकी डोळ्याला दिसते तशी असते, त्यामुळे एकाच रंगाच्या पाच छटा काढायच्या तर आकडा समान पावलांनी कमी करत गेलं की काम होतं. डेव्हलपरला हे आवडतं.

---

सांगलीची_टेस्टर

पंचगंगा भाऊ, वरचं सगळं करा पण त्याच्याआधी एक करा, संकलन केंद्रावर जाऊन बसा. सकाळी सहाला, दूध यायच्या आधी. मी सहकारी संस्थांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलंय म्हणून कळकळीने सांगते, तुम्ही लॅपटॉपवर बसून जी स्क्रीन बघताय ती स्क्रीन तिथं कुणीच तशी बघत नाही.

तिथं काय असतं बघा. लाइन लागलेली, प्रत्येकाला घाई कारण पोराला शाळेत सोडायचंय नाहीतर वैरणीला जायचंय. संकलन करणाऱ्याचा एक हात दुधाच्या मापाशी, दुसरा कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर, आणि डोळे काट्यावर नाहीतर फॅट मशीनच्या आकड्यांवर. स्क्रीनकडे तो बघतो तो अर्धा सेकंद, नंबर बरोबर पडला का आणि माणूस तोच आहे का एवढ्यापुरतं. माउस असतो पण बाजूला पडलेला, ओल्या हाताने कोण धरणार. म्हणजे तुमच्या डिझाइनचा पहिला भाग दिसण्याचा नाहीच, एंटर दाबल्यावर कर्सर कुठं जातो हा आहे. सभासद नंबर, एंटर, लिटर आपोआप, एंटर, फॅट, एंटर, एसएनएफ, एंटर, पावती. यात कुठंही मध्येच 'तुम्हाला खात्री आहे का' असा बॉक्स आला आणि त्यासाठी माउस धरावा लागला तर तो माणूस तुमच्या नावाने खडे फोडणार आणि त्याचं बरोबर असणार.

खात्री विचारायची ती जिथं घोटाळा होतो तिथं. फॅट मशीनची जोडणी तुटली की हाताने आकडा टाकतात आणि घाईत ३.५ ऐवजी ३५ पडतं. गाईच्या दुधाला ३५ फॅट असूच शकत नाही हे सॉफ्टवेअरला कळायला पाहिजे, तिथं थांबवा, आणि थांबवताना 'अवैध मूल्य' असलं काही लिहू नका. 'फॅट ३५ पडलंय, ३.५ करू का?' असं विचारा आणि एंटर म्हणजे हो. तेवढ्यात काम पुढं सरकतं. चूक मुळात होऊच नये अशी सोय आणि झाली तर साध्या भाषेत सांगून दुरुस्तीचा रस्ता दाखवणं, जेकब निल्सन या युजेबिलिटी तज्ज्ञाच्या १९९४ च्या दहा मुद्द्यांत दोन्ही आहेत, ते दहा मुद्दे एका पानात बसतात, वाचून काढा आणि प्रत्येक मुद्दा स्वतःच्या स्क्रीनला लावून बघा. कोर्सपेक्षा आधी हे.

आणि काउंटरच्या पलीकडच्याला विसरू नका. दूध घालणारी बाई वाकून स्क्रीनवर बघत असते, आपलं फॅट किती लागलं, कारण दर त्यावर ठरतो. म्हशीच्या दुधाला आज पॉइंट कमी का लागला यावर तिथं रोज वाद होतात. तिला तीन-चार फुटांवरून दिसेल एवढा आकडा मोठा ठेवा, शक्यतो तिच्या बाजूला वेगळा डिस्प्ले द्या. कालचं आणि आजचं फॅट शेजारी दाखवलं तर अर्धे वाद तिथंच मिटतील असं मला वाटतं, पण हे तुम्ही बसून बघितल्यावर ठरवा, माझ्या सांगण्यावरून नको.

जाताना सूचना द्यायला जाऊ नका, वहीत लिहा. तो कुठं थांबला, कुठं मागं गेला, कागदावर काय लिहून ठेवतो. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी दिसली की तिचा फोटो काढा, ती चिठ्ठी म्हणजे तुमच्या स्क्रीनमध्ये जे नाही ते. पाच केंद्रं बघितलीत तरी मोठ्या अडचणी कळून येतात, त्यासाठी पन्नास लागत नाहीत.

---

शिरोरेखा

मराठी स्क्रीनचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहितोय, माझा हाच विषय आहे. इंग्रजीसाठीचे नियम जसेच्या तसे लागत नाहीत. अंतराचे, क्रमाचे लागतात, अक्षरांचे नाही.

पहिली गोष्ट उंची. रोमन अक्षरांना १.५ लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) छान वाटते, देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं, त्यामुळे १.६ ते १.८ लागते. बटणाला आणि इनपुटला फिक्स उंची देऊन ओव्हरफ्लो हिडन केलं की 'र्की', 'र्थी' यांचे वरचे तुकडे आणि 'द्धृ', 'ष्ट्रु' यांचे खालचे तुकडे कापले जातात. टेस्ट करताना 'नाव' असला सपाट शब्द घेऊ नका, 'कीर्ती', 'राष्ट्रकूट', 'उद्धृत' असले घ्या. उंची ठरवायची तर पॅडिंगने ठरवा.

दुसरी, लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हेडिंगला थोडं लेटर-स्पेसिंग द्या म्हणतात, देवनागरीला दिलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. शून्य ठेवा. तसंच तिकडे लहान लेबलं सगळी कॅपिटलमध्ये करून क्रम दाखवतात, आपल्याकडे कॅपिटल नाहीत, इटॅलिकही आपल्या लिपीचं नाही, वाकवलेलं देवनागरी वाचायला त्रास होतो. म्हणजे क्रम दाखवायला आपल्या हातात राहतात आकार, जाडी आणि करड्याच्या छटा. जाडी वापरायची तर फॉन्टमध्ये ती खरी असली पाहिजे. नाहीतर ब्राउझर स्वतः रेघा फुगवतो आणि 'क्ष', 'ज्ञ' आतून बुजतात.

'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, मोफत, सात जाड्या, आणि देवनागरी-रोमन शेजारी आले तरी एकमेकांना खटकत नाहीत. नोटो सान्स देवनागरीही चालेल. १४ पिक्सेलच्या खाली मराठी मजकूर जाऊ देऊ नका, इंग्रजीत १२ वाचता येतं म्हणून इथेही येईल असं नाही, आपल्या अक्षराचा पोटाचा भाग त्याच मापात लहान दिसतो. आणि एचटीएमएलच्या लँगमध्ये (lang) एमआर (mr, म्हणजे मराठी) लिहायला विसरू नका, बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आत असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय हिंदी वळणाचेच येतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीचे हेच ल आणि श धरलेत.

शिकायचं साहित्य म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं डी-सोर्स हे शिकायचं संकेतस्थळ ऑनलाइन आणि फुकट आहे, टायपोग्राफी, व्हिज्युअल डिझाइन, इंटरॅक्शन, सगळं थोडंथोडं. ही तीच आयडीसी जिथं र. कृ. जोशी शिकवायचे. विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांनीच केला. देवनागरीचा इतका बारीक विचार आपल्याच इथे झालाय आणि आपले डेव्हलपर बाहेरचे व्हिडिओ बघून शिरोरेघ तोडतात हे मला फार लागतं, म्हणून एवढं लांब लिहिलं.

---

पंचगंगा_डेव्ह

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. ताई, शनिवारी सकाळी कागलकडच्या एका केंद्रावर जायचं ठरवलंय. रेषारंग, लेबलचं अंतर आत्ताच बदलून बघितलं, बाकी काहीच केलं नाही तरी माझ्या मित्राने येऊन विचारलं की काय बदललंस. लेटर-स्पेसिंगपण काढलं.

दोन प्रश्न उरलेत. दरपत्रकाची स्क्रीन म्हणजे एका बाजूला फॅट आणि दुसऱ्या बाजूला एसएनएफ असं मोठं कोष्टक आहे, ०.१ च्या फरकाने, त्यात माणूस हरवतो. आणि आकडे मराठी ठेवू का इंग्रजी?

---

रेषारंग

कोष्टकात आधी प्रत्येक घराच्या बॉर्डर काढा, नुसती आडवी फिकी रेघ राहू द्या. वरची फॅटची ओळ आणि डावीकडचा एसएनएफचा कॉलम स्क्रोल केलं तरी जागेवर राहिला पाहिजे. आकडे उजवीकडे अलाइन, दशांश दोनच आणि सगळीकडे दोनच, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर टॅब्युलर आकडे लावा म्हणजे १ आणि ८ सारखीच जागा घेतात आणि दशांशाचे टिंब एकाखाली एक येतात. गाईसाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीसाठी ६ आणि ९, हे घर ठळक करा. सगळे दर बोलताना त्याच घरावरून बोलतात, तिथून नजर पुढे-मागे जाते. कर्सर ज्या घरावर असेल त्याची अख्खी ओळ आणि अख्खा कॉलम अगदी फिका रंगवा, रंगाची पहिली खरी गरज इथे आहे.

---

सांगलीची_टेस्टर

आकड्यांचं माझ्याकडून सांगते. काटा आणि फॅट मशीन दोन्ही आकडे इंग्रजीत दाखवतात. बाई मशीनवर बघते, मग स्क्रीनवर, मग पावतीवर, तिन्हीकडे आकडा एकसारखा दिसला की तिला पटतं. म्हणून संकलनाच्या स्क्रीनवर आणि पावतीवर मशीनसारखेच ठेवा. दहा दिवसांच्या बिलावर मराठी आकडे हवेत का ते संस्थेला विचारा, काही ठिकाणी जुन्या सभासदांना तेच वाचायची सवय असते, सेटिंगमध्ये ठेवून द्या. लाखाचा स्वल्पविराम मात्र आपल्या पद्धतीनेच पडला पाहिजे, १,२५,००० असा.

आणि शनिवारी गेलात की एक नक्की बघा, नंबर टाकल्यावर नुसतं 'पाटील बाळासो' येतं का वडिलांच्या नावासकट येतं. एका गावात त्या नावाचे चौघे निघतात, आणि एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर पडलं की ते दहा दिवसांनी बिलातच सापडतं.